रोज चालवायची गाडी

१४ एप्रिल, रविवार

बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ अखेर पावसाने धुऊन गेलं. गल्लीत गॅरेजांची दारं उघडायला लागली. शेजारच्या डॉक्टर हॅल्विगने आज आपली एकोणसत्तरची निळी शेव्हरले बाहेर काढली. बाहेर काढली म्हणजे ट्रेलरवर चढवली. प्रदर्शन दोन मैलांवर. तिथे गाडीखाली आरसा ठेवणार, लोकांना तिचं पोट दिसावं म्हणून. दाराला जुन्या ड्राइव्ह-इन हॉटेलातल्यासारखा प्लास्टिकचा बर्गर अडकवणार. बंपरला टेकवून ती तोंड लपवून रडणारी बाहुली उभी करणार. आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून दिवसभर बसणार, कुणी बोट लावलं तर वसकन अंगावर जायला. शिसारी येते मला या लोकांची. गाडी आहे का देव्हारा?

माझी प्लिमथ. सत्तरची, नारिंगी, चार गियर. कारखान्यात लाइनवर होतो तेव्हा घेतली. लोइस तिच्यातून तीन वर्षं हॉस्पिटलात ड्यूटीला जायची. मागच्या सीटवर बटाट्याचं पोतं, पोरीचे लंगोट, सगळं असायचं. तेव्हा कुणी हिला मौल्यवान वगैरे म्हणत नव्हतं. आता बारा वर्षं चादरीखाली आहे, पण त्याला कारणं होती. गुडघा वगैरे.

निश्चय: यंदापासून प्लिमथ रोज चालवायची. दूध आणायला, दवाखान्यात, चर्चला.

लोइसला सांगितलं. ती म्हणाली, रोजचं राहू दे रे नॉर्ब. सतरा ऑगस्टला आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, त्या दिवशी मला वुडवर्डच्या हमरस्त्यावरून फिरवून आण. लग्नाच्या दिवशी गेलो होतो तसं, फर्नडेलपासून पार पॉन्टियॅकपर्यंत, काचा खाली करून. पार्टी नको, अंगठी नको, एवढं कर.

शब्द दिला. त्याच शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्राही आहे. योग म्हणतात तो हा.

२२ एप्रिल, सोमवार

माझी रोजची व्हॅन विकून टाकली. कारखान्यातला ड्वाइट घेऊन गेला. लोइस म्हणाली, आधी महिनाभर प्लिमथ चालवून तरी बघ, मग विक. बायकांना निश्चय म्हणजे काय ते कळत नाही. परतीचे दोर कापले.

२५ एप्रिल, गुरुवार

सकाळी हॉटेलात आमच्या निवृत्तांच्या टेबलावर विषय काढला. म्हटलं, गाडी रस्त्यासाठी असते. जी गाडी पावसात भिजली नाही ती गाडी नाही, ते कपाट. पॉलिश करून करून मरणार आहात, आणि तेरावा होण्याआधी पोरं ती विकणार आहेत. मागच्या टेबलावर डॉक्टर हॅल्विग बसला होता, त्याचा काटा हवेतच राहिला. बरोबर झोंबलं. छान वाटलं.

घरी चालत आलो. प्लिमथच्या विम्याचं काम बाकी आहे.

३ मे, शुक्रवार

रोज चालवायची तर विमा वेगळा लागतो, म्हणून कंपनीने किंमत ठरवणारा माणूस पाठवला. पेटिबोन नावाचा. काडीपैलवान. हातमोजे घालून तासभर गाडीखाली पडून होता. बाहेर आला तो आवाज खाली करूनच, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. म्हणे इंजिन, गियरबॉक्स, बॉडी, सगळ्यांवर एकच नंबर आहे, म्हणजे काहीच बदललेलं नाही, रंगसुद्धा कारखान्यातला आहे, अशा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. मग किंमत सांगितली.

मी सांगितलं, मला आकड्यांत काडीचा रस नाही. आकडा दोनदा पुन्हा सांगायला लावला, पण ते कानातल्या मळामुळे.

जाताना म्हणाला, चालवू नका एवढंच सांगतो. असल्या पेटिबोनांनीच या देशातल्या गाड्यांची वाट लावली आहे.

८ मे, बुधवार

शुभारंभ. गॅरेजमधून बाहेर काढली. फाटकापर्यंत आलो, तेवढ्यात समोरून खडीचा ट्रक गेला. त्याची ताडपत्री नीट बांधलेली नव्हती. असल्या ड्रायव्हरांचं लायसन काढून घेतलं पाहिजे. परत आत लावली. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं होतं, म्हणजे चालवलीच. लोइस पर्स घेऊन पायरीवर उभी होती. तिला वाटलं दुधाला जातोय.

दूध चालत जाऊन आणलं.

१९ मे, रविवार

कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतोय. रंगाला चिकटतो. शिवाय रॉबिन पक्षी. त्यांच्या शिटेत आम्ल असतं, वाचलंय मी. चर्चला लोइसच्या छोट्या गाडीतून गेलो, ती चालवत होती. वाटेत ड्वाइट माझ्या व्हॅनमधून आडवा आला. हॉर्न मारून हात केला. ती व्हॅन धूतही नाही तो. घाणेरडा माणूस.

८ जून, शनिवार

डॉक्टर हॅल्विगने ट्रेलर विकला.

स्वतःच कुंपणापाशी येऊन सांगत होता. म्हणाला, त्या दिवशी हॉटेलात तुम्ही बोललात, त्यानंतर माझी झोपच उडाली. तीस वर्षं गाडी पुसतोय, चालवली किती, तर नाहीच. आता रोज क्लिनिकला तीच नेतो. पोरांच्या दातांना तारा लावतो ना, ती पोरं खिडकीत उभी राहून बघतात. तुमचे उपकार आहेत, नॉर्ब.

हातात आइसक्रीमचा कोन होता. गळत होता. तो गळता कोन घेऊनच गाडीच्या सीटवर जाऊन बसला.

गाडी चालवणं वेगळं आणि गाडीचा उकिरडा करणं वेगळं. माझ्या बोलण्याचा त्या दातवाल्याने पार विपर्यास केला.

२५ जून, मंगळवार

नातीची जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. जांभळी आहे, पुढे टोपली आहे. हार्डवेअरच्या दुकानात तिच्यावरून गेलो. गुडघ्याला उत्तम. हॉटेलासमोरून मात्र जात नाही, तिथे चढ आहे.

दुपारी लोइसने विचारलं, केस कापायला प्लिमथ नेऊ का, तिची गाडी गॅरेजला दिली आहे. मी समजावलं, तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, क्लच जड आहे, झेपणार नाही. ती म्हणाली, ऑपरेशन उजव्या खुब्याचं झालंय, क्लच डाव्या पायाने दाबतात. मग तिने टॅक्सी बोलावली. पन्नास वर्षांनी माणसं अशी छान समजूतदार होतात.

५ जुलै, शुक्रवार

काल स्वातंत्र्यदिन, गल्लीभर फटाके. राख गॅरेजच्या फटीतून आत येते. चादरीवर दुसरी चादर घातली. गाडीभोवती जाड दोरी बांधली, चारी बाजूंना खांब लावून. कुणाला हात लावू न देण्यासाठी नव्हे. आपण चुकून धडपडू नये म्हणून.

लोइसने विचारलं, कोण धडपडतं इथे? गॅरेजमध्ये तर तू मला येऊच देत नाहीस. तिच्या चपलांना बागेतली वाळू असते, त्याला मी काय करू.

२० जुलै, शनिवार

डॉक्टरच्या गाडीच्या दाराला पोचा आला. किराणा दुकानात कुणाची तरी ढकलगाडी आदळली. मला वाटलं आता रडेल, ट्रेलर परत घेईल. हा आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवत होता. म्हणाला, बघा, गाडीला खळी पडली. लोइस इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. मग दोघं मिळून आणखी कुठे कुठे काय लागलंय ते शोधत बसली. लोइस त्याला सांगत होती, तिसरा गियर टाकताना घाई करता तुम्ही, मला स्वयंपाकघरात आवाज येतो.

मला तिथे उभं राहवेना. लाखमोलाची वस्तू, आणि ही थट्टा. त्याच्या हाताला बार्बेक्यूचा सॉस लागला होता, तोच हात बॉनेटवर.

संध्याकाळी प्लिमथच्या चारही दारांवरून… नाही, दारं दोनच आहेत. दोन्हीवरून फडकं फिरवलं. मग बरं वाटलं.

१० ऑगस्ट, शनिवार

आठवडा राहिला. लोइसने पिवळा रुमाल आणलाय, डोक्याला बांधायला. आरशासमोर बांधून बघत होती.

मी सगळा विचार केला. जत्रेच्या दिवशी वुडवर्डवर मुंगीच्या पावलाने गाड्या सरकतात. इंजिन तापतं. मागून पुढून कुणीही ठोकतं. लोक आइसक्रीम खात असतात. त्यापेक्षा रस्त्याकडेच्या हिरवळीवर जागा घ्यायची, प्लिमथ तिथे उभी करायची, आणि शेजारी दोघांनी निवांत बसायचं. रस्त्यावर काय दिसतं, तर पुढच्या गाडीचा पार्श्वभाग. बसलं की सगळ्या गाड्या दिसतात. म्हणजे फिरण्यापेक्षा हे जास्त फिरणं झालं.

लोइसला पटवून दिलं. ती म्हणाली, तू फिरवून आणतो म्हणाला होतास. मी म्हटलं, अगं, आत्मा महत्त्वाचा, शब्द नव्हे. ती थोडा वेळ रुमालाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, बरं. पटलं तिला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

हिरवळ घरापासून मैलभर. पण रस्त्यावर डांबराचं काम चाललंय, खडे उडतात. ड्वाइटच्या भाच्याकडे सपाट पाठीचा मोठा ट्रक आहे. उद्या पहाटे तो गाडी चढवून नेईल, संध्याकाळी सहाला परत आणेल. याला ट्रेलर म्हणत नाहीत. ट्रेलर मागे ओढतात, हा वरून नेतो. लोइसला फरक सांगितला.

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळ

उत्तम जागा मिळाली. दोरी बांधली. बॉनेटवर सावली पडावी म्हणून मोठी छत्री लावली, आमच्या खुर्च्याही तिच्याखालीच. चाकांना ठोकळे लावले. आगीचा धोका नको म्हणून बॅटरीची तार काढून ठेवली. लोक वाकून बघतात आणि त्यांची डोकी आपटतात, म्हणून गाडीखाली आरसा सरकवला. निव्वळ सुरक्षेसाठी.

लोइस पिवळा रुमाल बांधून खुर्चीत बसली आहे. तिला लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड दिलं. थँक्यू म्हणाली.

दुपार

एका बाईने विचारलं, चालते का हो? असल्या लोकांना उत्तर देऊ नये. लोइसने दिलं. म्हणाली, पूर्वी चालायची.

दुपार, थोड्या वेळाने

डॉक्टर हॅल्विग रस्त्याकडेला थांबला. दाराला तो पोचा तसाच. आम्हाला पन्नास वर्षांच्या शुभेच्छा दिल्या. लोइस उठली, दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि त्याला म्हणाली, डॉक्टर, सरका पलीकडे. तोही सरकला. विचारलंसुद्धा नाही त्याने काही.

मी म्हटलं, लोइस, क्लच. ती म्हणाली, पॉन्टियॅकपर्यंत जाऊन येते नॉर्ब, तू बस.

गाडी निघताना एकही हिसका बसला नाही. पहिला, दुसरा, मग तिसरा, लोण्यात सुरी गेल्यासारखा. रुमालाचं टोक खिडकीबाहेर उडत होतं. मला वाटलं, पुढच्या सिग्नलला वळून येईल.

साडेतीन

आली नाही.

मागोमाग जावं म्हणून प्लिमथमध्ये बसलो. तार काढलेली. ती लावली. मग ठोकळे काढायला लागलो, तोवर पुढे एका कुटुंबाने तंबू ठोकला होता, शेगडी पेटवली होती, आजीबाईंना आडवं झोपवलं होतं. हटा म्हटलं, तर तो गृहस्थ म्हणाला, अहो आम्हाला वाटलं ही नुसती बघायची आहे. सॉसेज खाणार का?

खाल्लं. चव नव्हती. मोहरी जास्त.

मला फार वाईट वाटतंय. हे इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळ, घरी

लोइस माझ्याआधी पोचली होती. रुमाल सुटून गळ्यात आला होता, केसांचं घरटं झालं होतं. मी कारणं तयार ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. चिडलेलीही नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. म्हणाली, लग्नाच्या वेळी थांबलो होतो ते लिंबू सरबताचं दुकान आता नाही, तिथे गाद्यांचं दुकान झालंय. तरी थांबले होते थोडा वेळ.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी आपण दोघं. ती म्हणाली, ते मलम दे जरा, भाजल्याचं.

तिचा डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत उन्हाने लालबुंद झाला होता. दुपारभर ड्रायव्हरच्या खिडकीवर टेकवलेला होता ना. मी शेजारी बसून मलम लावलं. उजव्या हाताला लावायला गेलो, तर म्हणाली, तो नको, तो सावलीत होता. मग तिने माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, कुठेच ऊन लागलेलं नव्हतं, आणि मलमाचं झाकण लावलं.