एकट्याचा कोयता

२७ ऑक्टोबर
पाटोद्यात आलो एकदाचा! अभिमन्यू मुकादमांचं ऑफिस बसस्टँडमागे, वर राहायला खोली, खिडकीत भरपूर ऊन. काम सोपं वाटतंय. ऊसतोडीला जाणाऱ्यांची नोंदणी संगणकावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांचे अंगठे मशीनवर लागले की नोंद पक्की. दिवाळीत नवा संगणक आला आणि दहा वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर सारखं बंद पडतंय. रविवारी गाड्या निघायच्या. मुकादम म्हणाले, लई शहाणे येऊन गेले, आता तुमीच बघा. बघतो की! बायको, पंचशीला, वारल्यापासून लातूरच्या घरात भिंतींशी बोलत होतो. इथे निदान भांडायला तरी माणसं आहेत.

२९ ऑक्टोबर
दुखणं सापडलं. कर्नेल, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेचा गाभा, नव्या संगणकात कडक आहे. मेमरीतली पुसून टाकलेली जागा कुणी वाचायला गेलं की प्रोग्रामलाच हाकलून देतं. आणि आमचं जुनं खोड कोयता जुळवताना नेमकं तिथेच डोकावतं.

तपासायला जोडी हवी होती. ती कुठून आणणार, माझं एकट्याचंच नाव घातलं, अंगठा लावला, जोडीदाराची जागा रिकामी सोडली. पुन्हा बंद. ऑफिस झाडणाऱ्या केशरबाई बघत होत्या. म्हणाल्या, एकट्याचा कोयता लिवत न्हाईत सायेब, अर्धी जागा रिकामी ऱ्हात न्हाई. मी हसण्यावारी नेलं.

३० ऑक्टोबर
संगणक सुरू करताना जुनं कर्नेल निवडलं आणि चाललं! दिवसभरात दोनशे अकरा कोयते, एकदाही अडलं नाही. मुकादमांनी भजी मागवली. चार माणसांत बसून खाल्ली, किती महिन्यांनी.

३१ ऑक्टोबर
छापील यादीत शेवटी माझी नोंद, काढायची राहिलेली. जोडीदार: पंचशीला. हे नाव मी घातलं नव्हतं. तिच्या नावापुढे अंगठा लागल्याची वेळ काल सकाळी अकरा दहा. ठसा मोठा करून पाहिला. मधोमध आडवी रेघ. विळीवर कापलं होतं तिचं, पट्टी मीच बांधली होती. लिहायला लाज वाटते, पण भीतीच्या आधी आनंद झाला.

१ नोव्हेंबर
नवं कर्नेल पुसलेल्या जागेत जाऊ देत नव्हतं ते बरोबरच होतं. दार मी उघडलं. आज मशीनच्या काचेवर ओला ठसा, तीच रेघ. केशरबाई कामावर आल्या नाहीत.

२ नोव्हेंबर
गाड्या गेल्या. गल्ली ओस. दुपारी मुकादमांचा फोन, उमापूरजवळून — ट्रकमध्ये एक बाई होती, म्हणे माझं मालक मागं ऱ्हायलेत — उतरली, पाटोद्याकडे चालत निघाली —
खाली कुलूप लावलं.

३ नोव्हेंबर, दुपार
नोंद काढायलाच हवी. नव्या कर्नेलवर उघडत नाही. जुनंच लावलं.
अंगठा मागितला. दिला.
आता दुसरा मागतंय. जोडीची नोंद, दोघांनीच पुसायची —

मशीनचा दिवा लागला. माझे दोन्ही हात तर वहीवर —
तिने दिला. पंचशीला, थांब, तू राहा, मला पुन्हा एकटं —
पडद्यावर तिचं नाव तसंच आहे. जातंय ते माझं. एकेक अक्षर —
बोटं दिसत ना