खोडवा येईपर्यंत

प्रिय शंभूराज,

लासुर्ण्याच्या स्थळाचं तुमच्या रेश्माकडून कळलं. रविवारी तुम्ही घरचे सगळे मुलगी बघायला निघालात म्हणे. त्याआधी मला एका शब्दाचा अर्थ सांगायचा आहे.

सध्या पहाटे आमच्या ऊस संशोधनाच्या रानावर इतकं धुकं असतं की बारामतीचा रस्ता दिसत नाही. नुसते पांढरे तुरे दिसतात, जमिनीशी नातं नसल्यासारखे तरंगणारे. सुंदर दिसतात, पण तुरा आला की साखर उतरते, म्हणून आम्ही त्या उसाचे गुण कापतो. मी ओळींतून हिंडते, रसातली साखर मोजते आणि मध्येच निरवांगीहून तुझी गाडी आल्यासारखी वाटते. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. छबूबाई खुरपता खुरपता म्हणतात, "ताई, उसाला रोज बगताय, माणसाला कवा बगणार?"

गेल्या वर्षी तोडणीच्या दिवसांत, कालव्याच्या पुलावर, तू विचारलंस, आपल्या दोघांचं तुला काय वाटतं? मी म्हणाले, प्रॉमिसिंग. तू हसलास. "बाई, प्रगतिपुस्तकात शेरा दिला व्हय?" म्हणालास आणि गाडीला किक मारलीस. मग फोन कमी होत गेले.

आमच्याकडे तो शब्द शेकडो रोपांतून एखाद्यालाच मिळतो. तोवर त्याला नाव नसतं, नुसता क्रमांक. पण तो शब्द लिहिला की ऊस तोडल्यावर बुडखे उपटायचे नाहीत असा नियम आहे. पाणी देत राहायचं आणि त्याच मुळांतून दुसरं पीक, खोडवा, कसा येतो ते बघायचं. पहिली लागण कुणाचीही जोमात येते. कापल्यावर जो पुन्हा फुटतो, त्याचाच पुढे विचार होतो. आपलं जमेलच, असं मी म्हटलं नव्हतं. तेवढं मला माहीत नव्हतं. हे मी उपटणार नाही, एवढं म्हटलं होतं. वर्षभर उपटलेलं नाही.

काल घरी आप्पांना तुझं नाव सांगितलं. ते गोठ्यात धार काढत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "भीमा आबाचा नातू न्हवं त्यो? त्येंची मेंढरं आपल्याच रानात खताला बसायची. रविवारी बोलव च्याला." बादली उचलून ते आत गेले. रविवारी लासुर्ण्याला जायचं की कोऱ्हाळ्याला आमच्या घरी यायचं, ते तू ठरव. मला विचारशील, तर खोडवा चांगला आलाय.

तुझीच,
स्वराली