बडनेऱ्याचं घर

दिमोना, इस्राएल

चि. नहूम, ताईचा शालोम.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल आईच्या पुण्यतिथीला मलिदा केला. पोहे, गूळ, नारळ सगळं मिळालं. एलियाहू नबीचं आपलं मराठी गाणं मी एकटीनेच म्हटलं. नातीने हिब्रूत विचारलं, "आजी, हे कुणाला कळतं?" मी म्हटलं, "एलियाहूला." पण माझीच खात्री नव्हती.

बडनेऱ्यात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमत नाहीत, म्हणून घर विकून इथे यायचं म्हणतोस. इथे शंभर जमतात. तरी माझ्यामागे या घरात ते गाणं संपलं.

घर विकू नकोस. तुला सूर नाही, पण शेजारच्या कुंदाला ऐकून ऐकून ते पाठ आहे. पुढच्या वर्षीचा मलिदा तू कर आणि तिला गायला बसव.

तुझी,
शुलामिथताई