पिठाच्या दोन पिशव्या

३ मार्च, सोमवार
वकिलांच्या शिस्तपालन समितीला द्यायच्या खुलाशाचा सांगाडा. फक्त घटना. विशेषणं नकोत.
१. एलुबे नाखुम्वा, वय एकोणऐंशी, माझी अशील. थ्योलोकडच्या गावात आईकडून आलेली पावणेदोन एकर जमीन. भाच्याने परस्पर विकली. विक्री रद्द व्हावी म्हणून दावा.
२. गाव ते ब्लँटायरमधलं माझं कार्यालय दोन मिनीबस, त्याआधी चाळीस मिनिटं पायी. आजींचे गुडघे धड नाहीत. म्हणून सप्टेंबरात एकाच भेटीत सहा कोऱ्या पानांच्या तळाशी अंगठा घेतला. प्रतिज्ञापत्र लागेल तेव्हा मजकूर छापायचा आणि अंगठ्याचं पान शेवटी जोडायचं.
३. चौथं प्रतिज्ञापत्र १४ नोव्हेंबरला दाखल केलं. मुदतीचा शेवटचा दिवस.
४. आजी १२ नोव्हेंबरला वारल्या.
५. निधनाचं कोणतंही पत्र कार्यालयात आलेलं नाही.
पाचवा मुद्दा भक्कम आहे.

४ मार्च
वकिलीआधी मी जमीनमोजणी शिकले, त्याचा उपयोग होतो. चारशे दिवसांच्या खटल्यात दोन दिवसांची चूक. अर्धा टक्का. एवढ्यावरून शेताचा नकाशासुद्धा कोणी परत पाठवत नाही. सनद कशी जाईल? फार तर ताकीद.

११ मार्च
कारकून काफोटेकाला खुलासा वाचायला दिला. तो म्हणाला, मॅडम, एक बरं आहे, मेलेल्या माणसाने घेतलेली शपथ मोडायची भीती नाही. मी हसले नाही. मग म्हणाला, पाचवा मुद्दा काढा, गाडी मी चालवत होतो. मी म्हटलं, मुद्दा पत्राबद्दल आहे, गाडीबद्दल नाही.
तो टेबल पुसत राहिला. पुसलेलंच.

२७ मार्च
शपथेचा शिक्का मारणारे म्बेन्डेरा समोरच्याच खोलीत बसतात. त्यांनाही नोटीस आली आहे. आज दारातच म्हणाले, पोरी, मी विचारलं होतं ना गं तुला, म्हातारी कुठंय म्हणून?
विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं, त्यांना जिने चढवत नाहीत.
हे वाक्य तपासून पाहिलं. त्या दिवशीसुद्धा अक्षरशः खरं होतं.

७ एप्रिल
उद्या सुनावणी. ठरवलं: उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. काळा सूट. आठ तास झोप.

८ एप्रिल, सायं. ५.४०
झोप साडेतीन तास. सूट काळाच.
आजींची नात टिओंगे साक्षीला आली होती. अंत्यविधीला कोणी काय आणलं, ती वही तिनेच लिहिली होती. कोणी लाकडं, कोणी मका, कोणी टोपलीभर भाजी. एक ओळ अशी: 'वकील. पीठ, एक पिशवी.' नाव नाही. वेळ नाही.
समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, गावाकडे मयताला कुणीही जातं, हा वकील दुसराही कोणी असू शकतो. माझ्याकडे बघत होत्या. जवळजवळ मायेने. मी 'हो' म्हणायचं होतं.
मी म्हटलं, नोंद चुकीची आहे. पिशव्या दोन होत्या. तेरा नोव्हेंबरला सकाळी पुरायच्या आधी मी स्वतः गाडीतून उतरवल्या.
मग अध्यक्षबाईंनी विचारलं, म्हणजे तेराला पुरलेल्या आजी चौदाला तुमच्याकडे शपथ घ्यायला आल्या? कोणत्या मिनीबसने?
टिओंगे उभी राहिली. म्हणाली, दुसरी पिशवी फुटलेली होती, मॅडम. पीठ मातीत सांडलं. म्हणून नाही लिहिली.
वही बरोबर होती.
एकंदर सुनावणी ठीक झाली. मी खोटं बोलले नाही, हे समितीने पाहिलं.

९ मे, शुक्रवार
सनद रद्द. यादीतून नाव काढलं. निकाल सव्वा पानाचा. त्यात 'जाणूनबुजून' तीनदा.
म्बेन्डेरांचा शिक्का सहा महिन्यांसाठी काढून घेतला.
अपील करणार. मुदत तीस दिवस. मसुदा आजच सुरू.

१५ मे
अपिलावर सही करायला वकील लागतो. तिघांना विचारलं. एक जण शहराबाहेर. एकाला ताप. तिसरी कॉलेजातली मैत्रीण. ती म्हणाली, लुसुंगु, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणूनच सही करणार नाही.

२० मे
प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं म्हणून आजींचा दावाही कोर्टाने फेटाळला. काफोटेकाने सांगितलं, जमीन विकत घेणाऱ्याने कुंपणाचे खांब रोवायला घेतले आहेत.
चौदा नोव्हेंबरला मी ते पान लावलं नसतं, वारसाचं नाव लावायला मुदतवाढ मागितली असती, तर? अर्ज एका पानाचा. मुदतवाढ बहुधा मिळाली असती. हा हिशेब पुन्हा करायचा नाही.

२२ मे, गुरुवार
ड्रॉवर रिकामा केला. आजींच्या अंगठ्याची दोन पानं उरली आहेत. अंगठा स्वच्छ उठला आहे, मधोमध कापल्याची जुनी खूण. फाडायला घेतली. फाडली नाहीत.
पाठवलेल्या पत्राची नक्कल:

'टिओंगे,
तुझ्या आजीच्या अंगठ्याची दोन कोरी पानं माझ्याकडे आहेत. ती आता कोणत्याही कोर्टात चालणार नाहीत. ती तुझी आहेत. तू न्यायला येशील, की काफोटेकाबरोबर पाठवू? शुक्रवार, ३० मेपर्यंत कळव.
लुसुंगु चिरवा'

पहिल्यांदा नावाखाली 'वकील' लिहिलं गेलं होतं. दुसरा कागद घेतला.