गुलाबाची तपकीर

मंगळवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच वेळी कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याने मला फसवलं. ‘गुलाबाची तपकीर’ म्हणून पत्र्याची डबी हातात ठेवली. झाकणावर लाल, टपोरा गुलाब. घरी आले, खोलीचं दार लावलं — एकसष्ट वर्षांची बाई तपकीर ओढते हे जगाने कशाला पाहायचं! चिमूट घेतली, ओढली. आई गं! थेट मेंदूत सुई. अकरा शिंका, डोळ्यांतून धारा. आणि गुलाब? औषधालाही नाही! तंबाखूचासुद्धा वास नाही. नुसता ठसका. विटेची भुकटी आणि मिरचीपूड, दुसरं काय?

हा उद्योग केला नसताच. पण ऑगस्टच्या तापापासून नाक जरा दडपल्यासारखं आहे, आणि शुक्रवारी, १६ तारखेला, साबणाच्या कारखान्यात माझा अहवाल द्यायचा आहे. खालचा शिंपी म्हणाला, “तपकीर ओढा बाई, नाक आरशासारखं लख्ख!” एकतीस वर्षं त्या कारखान्याच्या चाचणीखोलीत मी वास तपासले; निवृत्त झाले तरी शेवटची तपासणी अजून माझ्याकडेच येते. तपकीर ओढणाऱ्याला त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं करत नसे. आणि आता मीच! असो.

बुधवार, ७ ऑक्टोबर

पुन्हा ओढली. सात शिंका. गुलाब नाही.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

दुकानात गेले. डबी काउंटरवर आपटली. “हा गुलाब?”

तंबाखूवाल्याने डबी उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटले. नाटकी मेला! “बाई, हा गुलाब नाही तर मग गुलाब असतो तरी कसा?”

“मला शिकवू नका. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी गुलाब ओळखते.”

“म्हणूनच म्हटलं, आता गुलाबालाच तुमचा कंटाळा आला असेल.” दुकानातले दोघे फिदीफिदी हसले.

“लेखी तक्रार करीन!”

“करा की. पण ही दुसरी डबी घेऊन जा, बंद आहे, कागदी सील तुम्हीच फोडा. आणि ही साधी, बिनवासाची. दोन्ही ओढून पाहा, मग लिहा काय लिहायचं ते.”

एवढा मोकळेपणा कशाला? मनात काहीतरी असल्याशिवाय चोर इतका गोड होत नाही. घरी सील फोडलं. ओढली. गुलाब नाही! दोन्ही सारख्याच. एकाच पोत्यातला माल दोन डब्यांत भरतो — सापडला.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

माझ्यासोबत राहणाऱ्या नणंदेने केलेला चहा म्हणजे गरम पाणी. महिना झाला, हात आखडता घेते आहे. विचारलं तर म्हणते, “वहिनी, पत्ती तेवढीच आहे हो!” सगळ्यांचंच हल्ली ‘तेवढंच’ असतं.

शनिवार, १० ऑक्टोबर

शिंप्याला साक्षीला धरायचं ठरवलं. न सांगता डबी पुढे केली. त्याने ओढली, डोकं मागे टाकलं. “वा! गुलाब तर गुलाब, वर वेलचीपण मारली आहे लबाडाने.” मग कळलं — तंबाखूवाला याचा साडू! एका माळेचे मणी. मी डबी हिसकावून घेतली. त्याने कात्री उचलली आणि म्हणाला, “बाई, तुम्हाला पटवायला मी काय आता फूल होऊन दाखवू?”

सोमवार, १२ ऑक्टोबर

दुपारी मिश्रणवाला दारात. चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली. बावीस वर्षं साबणाच्या लगद्यात सुगंधी तेल घालणारा माणूस. ऑगस्टच्या शेवटापासून त्याचे चार लॉट मी ‘फिका’ म्हणून परत पाठवले. साहेबांना संशय, तेल बाहेर जातं. महिना झाला त्याला घरी बसवून. आता माझ्या अहवालावर त्याची नोकरी. तो आल्याचं आवडलं नाही — अहवालाआधी तपासणाऱ्याच्या घरी यायचं नसतं, त्याला माहीत आहे.

आत घेतलं नाही. तो पायरीवरूनच बोलला.

“बाई, तुम्ही कधी चुकला नाहीत, म्हणून तर भीती वाटते. माझी आईसुद्धा आता विचारते, खरं सांग, विकलंस का? एक थेंब कमी घातला नाही हो.”

“मग वास गेला कुठे?”

“तेच तर तुम्हाला विचारायला आलो.”

मी म्हटलं, “अर्ज लेखी करा.” दार लावलं. तो बराच वेळ पायरीवर उभा होता. फटीतून चप्पल दिसत होती.

तो गेल्यावर नणंद आतून आली. नाक मुरडत म्हणाली, “गरिबाने घाबरून काय अत्तर चोपडलं होतं! जिना भरला आहे नुसता.”

मला काहीच आलं नव्हतं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

तंबाखूवाल्याला पकडायचं तर रीतसर. चाचणीखोलीची पद्धत: तीन वाट्या, दोनांत एकच माल, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी ओळखायची. असं नऊ वेळा. नव्या मुलींना मी याच चाचणीत रडवलं आहे. माझ्यासाठी मात्र कारखान्यात कुणी वाट्या मांडत नाही. बाईंनी ‘फिका’ म्हटलं की फिका.

डोळ्यांवर रुमाल बांधला. नणंदेला सांगितलं, गुलाबाची आणि साधी, वाट्या फिरवत राहा, उत्तरं कागदावर लिही, चकार शब्द बोलू नकोस. ती म्हणाली, “दादा असता तर पोट धरून हसला असता.” म्हटलं, “त्याला कशात हसू येत नव्हतं!”

नऊ वेळा झालं. रुमाल सोडला. नऊपैकी तीन बरोबर.

तीन! रुमाल बांधून नुसतं बोट ठेवणाऱ्यालाही तीन पडतात. हेच वाक्य मी त्या मुलींना तोंडावर फेकत असे.

मी म्हटलं, “तू वाट्या चुकवल्यास.” ती आपणच डोळ्यांवर रुमाल बांधून बसली. मी वाट्या फिरवल्या. नऊपैकी नऊ. आयुष्यात तपकीर न ओढलेली बाई!

मग मी उठले. चहाचा डबा उघडला. हिंगाचा. रॉकेलची बाटली. शेवटी माझ्या कपाटातला कारखान्याचा, मी उत्तम ठरवलेला पहिला साबण — पंचवीस वर्षं कागदात जपलेला. नाकाला टेकवला.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “ताप येऊन गेल्यावर तुम्ही दोनदा गॅस उघडा ठेवलात. मी बंद केला. बोलले नाही — तुमचं नाक, तुम्हाला कोण सांगणार?”

बुधवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ९ वाजून ५ मिनिटं.

पत्र स्वतः नेऊन कारखान्याच्या फाटकावर दिलं. पोच घेतली. मजकूर:

‘ऑगस्टपासून मी फिके ठरवलेले चारही लॉट दुसऱ्या तपासनिसाकडून, तीन वाट्यांच्या पद्धतीने, पुन्हा तपासावेत. मला वास येत नाही. लबाडी मिश्रणवाल्याची नाही, चूक माझी आहे. त्यांना कामावर परत घेतल्याचं लेखी उत्तर मला शुक्रवार, १६ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे.’