कागद तुझा, मजकूर माझा

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ नेहमीप्रमाणे दुरुस्त्या.

रविवारच्या पेपरातलं तुझं ‘कळ दाबताना’ हे सदर वाचलं. फोनच करणार होते, पण माझ्या कानांचं आणि फोनचं हल्ली जमत नाही. तू ‘पेटंट’ म्हणालास की मला ‘पलंग’ ऐकू येतं आणि मग मी पाठदुखीबद्दल बोलत बसते. पत्रच बरं.

तू लिहितोस की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर. नाही रे बाबा. मुक्त म्हणजे ते उघडून पाहायची, बदलायची आणि पुढे वाटायची मोकळीक. त्याचे पैसे घेऊ नयेत असं कोणी म्हटलेलं नाही. दुसरं म्हणजे, कॉपीराइट आणि पेटंट यांना तू जुळी भावंडं समजून एकाच झबल्यात कोंबतोस. कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. स्वेटर विणायची कल्पना साऱ्या जगाची, पण मी विणलेला स्वेटर माझा.

आणि ते ‘मला मान्य आहे’चं बटण. लोक आळशी असतात म्हणून ते न वाचता दाबतात, असं म्हणून तू मोकळा झालास. त्यात खरी गंमत आहे ती सोडलीस. भाजीची जुडी घेताना आपण ती उलटून, पानं बाजूला करून पाहतो. करार मात्र न उलगडता घरात घेतो.

आयुष्यभर कॉलेजात संगणक शिकवला, त्यामुळे जीभ आवरत नाही. वहिनीला सांग, दाढ आता दुखत नाही, तिने सांगितलेलं औषध लागू पडलं.

लोभ आहेच. तो टिकावा म्हणून तू चुका थांबवायची मात्र गरज नाही.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. वाकताना गुडघा वाजला तो तुला ऐकू आला नसेल, हे तुझ्या कानांचं सुख.

मला संगणकातलं कळत नाही असं तू दर पत्रात लिहितेस. मी कधी नाकारलंय? मी मूळचा क्रीडापानावरचा माणूस. ऑफिसातला अडकलेला प्रिंटर एकदा माझ्या हातून सुरू झाला आणि संपादकांना वाटलं, हाच आपला तंत्रज्ञानातला जाणकार. प्रिंटर मी रागाने थोपटला होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पण आता ऐक. वाचकांची पत्रं वाढलीत. परवा संपादक सगळ्यांसमोर म्हणाले की अलीकडे तुमच्या लेखणीला धार आली आहे. मी नम्रपणे मान खाली घातली. बायको म्हणते, मान खाली घालण्याचं कारण वेगळं असावं. तिचं सोड.

पुढच्या आठवड्यात पायरसीवर लिहितोय. कोणाची भीडभाड ठेवणार नाही. दुसऱ्याचं न विचारता घेणारा तो चोरच, मग तो सिनेमा असो, सॉफ्टवेअर असो नाहीतर चार ओळी असोत. एका कॉलेजने याच विषयावर भाषणालाही बोलावलंय.

तुझी पत्रं येत राहू देत. राग राग करून लिहिलीस तरी चालेल, लांब लिही म्हणजे झालं.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. टाळ्यांमधून वाट काढत हेही पत्र पोचेल अशी आशा आहे.

पायरसीवरचा लेख वाचला. ‘दुसऱ्याच्या डोक्यातली ओळ उचलणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं’ हे वाक्य नक्की तुझंच. डोक्यातली वस्तू खिशात कशी सापडेल? शिवाय चोरी झाली की वस्तू मालकाकडे उरत नाही, नक्कल झाली तर उरते. म्हणून कायद्याने दोघींना वेगळी नावं दिली आहेत. रागावताना तरी माणसाने नेमकं रागावावं.

त्याच्याखाली भाजीचं वाक्य दिसलं. ओळखीचं वाटलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फक्त तू ‘जुडी’चा ‘गड्डा’ का केलास? जुडीच्या आत सडकी पानं लपवता येतात. त्या वाक्याचा सगळा जीव त्या लपवण्यात होता.

भाषण कसं झालं ते कळव. मुलांनी प्रश्न विचारले तर माझ्याकडे पाठव.

तब्येतीला जप, उपमांनाही.

तुझी,
ताई

२० मे

ती. ताईस,

नमस्कार. आज विनोद सुचत नाही.

माझं सदर बंद झालं. संपादकांनी बोलावलं, कॉफी पाजली आणि सांगितलं की यापुढे ‘कळ दाबताना’ एआय लिहील. तो प्रोग्राम आजारी पडत नाही, मजकूर उशिरा देत नाही आणि त्याला कॉफी लागत नाही. मी कप तसाच खाली ठेवला.

एवढं असतं तर गिळलं असतं. पण त्याचा पहिला लेख वाचला आणि डोकं सणकलं. त्याला माझे सगळे जुने लेख खाऊ घातलेत. माझी वाक्यं जशीच्या तशी बाहेर आली आहेत! नुसता विषय नाही, मांडणी! तूच म्हणतेस ना, मांडणीवर हक्क असतो? सोबत कात्रण पाठवतोय. लांबवलेल्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ मारली आहे. पासवर्डवालं, स्वेटरवालं, जुन्या फोनची सुटे भाग काढून घेतलेल्या सायकलीशी तुलना केलेली ती ओळ. वाचकांनी वहीत उतरवून घेतलेली वाक्यं, ताई.

मी सोडणार नाही. वकीलबाईंची वेळ घेतली आहे. तूही हे तज्ज्ञ म्हणून वाच आणि ही चोरी आहे असं सहीनिशी लिहून दे.

तुझा,
धाकटा

२८ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आज जरा जास्तच.

सदर गेल्याचं वाईट वाटलं. माणसाला असं कॉफी पाजून घरी पाठवू नये.

कात्रण नीट पाहिलं. तज्ज्ञ म्हणून मत मागितलंस म्हणून देते. त्या यंत्राची निवड उत्तम आहे. तुझ्या इतक्या वर्षांच्या लेखनातून त्याने नेमकी चांगली वाक्यं वेचली. तूही लाल रेघा अगदी बरोबर जागी मारल्या आहेस.

फक्त त्यातलं एकही वाक्य तुझं नाही रे. स्वेटर माझा, सायकल माझी, पासवर्ड विसरणारा माणूस म्हणजे तर मीच. तुझं खिशाचं वाक्य त्याने घेतलेलं नाही, आणि तूही त्याखाली रेघ मारलेली नाहीस.

सहीनिशी लिहून द्यायचं तर मला हेही लिहावं लागेल. लिहू का ते सांग.

उत्तराची वाट पाहते.

ताई

१२ जून

ती. वन्संना,

नमस्कार. हे पत्र तुमच्या भावाने नव्हे, मी लिहिते आहे. त्यांना माहीत नाही, आणि कळलं तरी माझी हरकत नाही.

तुमचं पत्र आल्यापासून ते दिवाणखान्यात नुसते बसून असतात. परवा वकीलबाईंकडे मीही गेले होते. त्यांनी पेपरशी झालेला करार मागवून घेतला. सदर सुरू करताना ऑफिसच्या संगणकावर तो आला होता आणि यांनी ‘मान्य आहे’ दाबलं होतं. त्यात लिहिलंय की यांनी लिहिलेलं सगळं पेपरचं, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या कुठल्याही साधनासाठी. वकीलबाईंनी विचारलं की हे वाचलं नव्हतं का? हे म्हणाले, लांब होतं.

मग त्या म्हणाल्या की जी वाक्यं यांची आहेत ती यांनी देऊन टाकली, त्याबद्दल आता ब्र काढता येणार नाही. मात्र एखादं वाक्य मुळात यांचं नसेल, तर ते पेपरला द्यायचा यांना अधिकारच नव्हता, आणि पेपरला ते वापरायचाही नाही. केस उभी राहिली तर तिथेच राहील. असं काही आहे का? त्यावर यांचा चेहरा पाहून वकीलबाईंनी पाणी मागवलं.

घरी येताना रिक्षात म्हणाले, पत्रं ताईने मला पाठवली, म्हणजे ती माझीच. मी म्हटलं, पेशंट माझ्या खुर्चीत येऊन बसतो म्हणून त्याचे दात माझे होत नाहीत.

वन्सं, त्यांची बाजू घेत नाही. पण त्यांना जेवण जात नाही. तुम्ही दोन ओळी लिहा. कडक लिहिल्या तरी चालतील, त्याची त्यांना सवय आहे.

तुमची,
वहिनी

१७ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद घे आणि आधी जेव.

तुझी शंका माझ्यापर्यंत पोचली. कशी ते विचारू नकोस. उत्तर असं आहे: पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. कागद तुझा. हवा तर जपून ठेव, हवा तर पुडी बांध. वाक्यं माझी.

आता खरं सांगते. मी रागावले नव्हते. कॉलेज सुटलं, पाठोपाठ हे गेले, आणि घरात माझं बोलणं ऐकायला भिंती उरल्या. रविवारी पेपर आला की मी आधी माझं वाक्य शोधायची. सापडलं की दुसऱ्यांदा चहा टाकायची. तुझ्या नावाखाली का होईना, लोक मला वाचत होते. पुढच्या पत्रात मुद्दाम एखादं बरं वाक्य घालायची, तू उचलशील म्हणून. आमिषच म्हण.

पण एक लागलं. मी नाही म्हणणार नाही हे तुला ठाऊक होतं, तरी तू विचारलं नाहीस. न विचारता घेणाऱ्याला चोर म्हणतात असं कॉलेजातल्या मुलांना सांगून आलास, त्यादिवशी तरी घरी येऊन मला दोन ओळी टाकायच्या होत्यास.

यंत्राने उचललं ते न कळता, तू कळून. हिशेबाने पाहिलं तर मी यंत्राच्या बाजूची. पण यंत्राला मी कडेवर घेऊन फिरलेली नाही. म्हणून वकीलबाईंना कळवलं आहे की ती वाक्यं माझी आहेत आणि ती काढून घ्यावीत असं माझं म्हणणं आहे.

अट एकच. संपादकांना हे तू स्वतः, तोंडाने सांगायचंस. वहिनीला पुढे करायचं नाही.

तुझी,
ताई

१० जुलै

ती. ताईस,

नमस्कार. यावेळी गुडघा वाजला तरी वाकलो.

संपादकांना सांगितलं. वाटेत तीन वेगवेगळ्या सुरुवाती ठरवल्या होत्या, त्यातली एकही आठवली नाही. म्हणालो की माझी सगळी चांगली वाक्यं माझ्या बहिणीची आहेत. त्यांनी चष्मा काढला, घातला आणि म्हणाले की ते तुमच्या पायरसीच्या लेखाचं काय? मी म्हटलं, तो बहुतेक माझा होता.

तुझी वाक्यं काढायची आणि तसा खुलासा छापायचा असं ठरलं. मग त्यांनी संगणक विभागातल्या बाईंना बोलावून, तुझी वाक्यं वगळून नवा लेख काढायला सांगितला. कॉफीचा कप भरायच्या आत लेख हजर. संपादकांनी वाचला आणि म्हणाले, हा हुबेहूब तुमचा वाटतो. मी वाचला. ताई, खरंच होता. ‘तंत्रज्ञान ही दुधारी तलवार आहे’ इथून सुरू होऊन ‘काळच ठरवेल’ इथे संपत होता. मधला मजकूर मला न वाचताही सांगता आला असता.

संपादक म्हणाले, हे वाचणार कोण? आणि एआयचं सदर बंद केलं. म्हणजे मी हरलो तो यंत्राकडून नाही. यंत्र माझ्याइतकंच वाईट लिहितं.

त्यांनी तुझा पत्ता मागितला. सदर तू लिहावंस असं त्यांच्या मनात आहे. पत्ता देताना हात अडखळला नाही असं लिहिणार होतो, पण अडखळला. तरी दिला. नाही म्हणू नकोस. मला पुन्हा क्रीडापानावर घेतलंय. मला ज्यांची नावं पाठ आहेत ते खेळाडू आता खेळत नाहीत, एवढीच अडचण.

न विचारल्याबद्दल काय लिहू? विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग लेखाखाली तुझं नाव घालावं लागलं असतं. मला माझं हवं होतं. एवढंच होतं ते.

तुझा,
धाकटा

३ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार, आणि नव्या लेखिकाबाईंना वेगळा नमस्कार.

तुझा पहिला लेख वाचला. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तोंडात कापूस असलेल्या पेशंटलाही ऐकावा लागला. ऑफिसात दोघांनी मला सांगितलं की सदर आता सुधारलं आहे. मी म्हटलं, आमच्या घराण्याची शैली आहे ती.

आता दुरुस्ती. या शब्दाखाली मी दोनदा रेघ मारली आहे, त्याचा आनंद तुला कळायचा नाही. तिसऱ्या परिच्छेदात तू म्हणतेस की पुस्तक छापल्यापासून ठरावीक वर्षांनी कॉपीराइट संपतो. चूक! लेखकाच्या पुस्तकाची वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजतात, छपाईपासून नाही. वकीलबाईंना विचारून खात्री केली. तोवर हक्क त्याचा, आणि तो गेला की त्याच्या वारसांचा.

मला संगणकातलं कळत नाही. पण हे कळलं.

पुढचा लेख छापण्याआधी मला पाठवशील का? विचारतो आहे.

तुझा,
धाकटा

११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. शब्द तेच, पण आज मनापासून मोजून पाठवले आहेत.

तुझी दुरुस्ती बरोबर आहे. मी दोनदा तपासली, चुकलेली निघावी म्हणून. नाही निघाली. पुढच्या रविवारी लेखाखाली तुझ्या नावानिशी छापायला सांगितली आहे. पुढचा लेखही छापण्याआधी तुझ्याकडे येईल. लाल पेन वापर, पण जपून.

वारसांबद्दल तू लिहिलंस, त्यावर दुपारभर विचार केला. मला मूलबाळ नाही, हे तर केव्हाच गेले. माझ्यामागे जे काही राहील, ही चार वाक्यंसुद्धा, ते तुझ्याच नावावर होणार. मृत्युपत्रात तसं कधीच लिहून ठेवलं आहे.

थोडा दम धरला असतास तर चोरी करावीच लागली नसती.

तुझी,
ताई