वाघोलीची मुलं मोजायची का

३ नोव्हें., सोम.
श्वेता गेली. लग्न ठरलं तेव्हाच माहीत होतं, पण तिची गादी उचलल्यावर खोली एवढी मोठी दिसेल असं वाटलं नव्हतं. डब्याच्या मावशींना आता एकच डबा सांगितला. 'एकच?' म्हणाल्या. हो, एकच.

ऑ.मध्ये कोटेशनचा हंगाम. कॉलेजांची ऑनलाइन जर्नल्स जानेवारीपासून पुन्हा चालू करायची, त्यांचे दर पाठवायचे. माझ्याकडे पुणे. दिवसभर मेल. तोंडाने बोलले ते फक्त लिफ्टमध्ये, 'सातवा.'

६ नोव्हें., गुरु.
सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल, तांबोळी मॅडम. मेल नाही, चक्क फोन.

'तुमचं कोटेशन वाचलं. बसून वाचलं ते बरं केलं.'

दर एकदम वरच्या गटात गेलाय त्यांचा. मी नेहमीचं सांगितलं, दर विद्यार्थीसंख्येवर ठरतो, यंदा तुमची संख्या वाढली.

'वाढली, कारण आमच्या संस्थेने वाघोलीला मॅनेजमेंटचे वर्ग काढले. ती मुलं वनस्पतिशास्त्राची जर्नल्स वाचणार आहेत? वाचली तर मी पेढे वाटीन.'

मग हवी तेवढीच जर्नल्स सुटी मागितली. सुटी मिळतात, पण दर असा की त्यापेक्षा अख्खा गठ्ठा परवडतो. हेही सांगितलं.

'म्हणजे कोथिंबिरीची जुडी मागितली की तुम्ही म्हणणार, हातगाडीच न्या.'

हसले. मोठ्याने. शेजारच्याने हेडफोन काढून पाहिलं.

१० नोव्हें., सोम.
तां. मॅडमचा पुन्हा फोन. विचारायचं फारसं काही नव्हतं. मी बोलता बोलता 'मेल करून राहिले' म्हणाले, तर लगेच, 'वर्ध्याकडची का गं तू?' वर्ध्याचीच. 'तरीच. जेवलीस?'

आईही रोज विचारते. पण तिचा पुढचा प्रश्न कुठला ते मला ठाऊक असतं.

टीम लीड नितीन सरांना विचारलं, वाघोलीची मुलं वगळता येतात का. येतात! जागा वेगळी, नेटवर्क वेगळं असेल तर मोजायची नाहीत, नियमच आहे. मग कळवू का त्यांना?

'त्यांनी विचारलं तर देऊ. आपण स्वतःहून कशाला?'

मॅडमच्या पलीकडच्याच रस्त्यावरच्या कॉलेजला गेल्या वर्षी असं वगळून दिलंय. त्यांनी विचारलं होतं. पण एकाचा दर दुसऱ्याला सांगायचा नाही, करारातच आहे.

१५ नोव्हें., शनि.
मॅडम म्हणाल्या होत्या, 'एकदा येऊन बघ काय विकतेस ते.' गेले. खराडीहून दोन बस. शनिवारी दुसरं करायचं तरी काय होतं.

वाचनालय जुनं, गार. मॅडम अपेक्षेपेक्षा ठेंगण्या, साडीवर स्वेटर. बांधीव अंकांची लांबच लांब रांग दाखवली. एका जागी रांग संपते, पुढची मांडणी रिकामी. तिथून पुढचं सगळं ऑनलाइन.

'पैसे थांबले की हे मागचं राहतं. पुढचं, ज्याचे इतकी वर्षं भरले, तेसुद्धा बंद. बरोबर ना?'

बरोबर. आमच्या करारात तसंच आहे.

सोमवारी त्यांच्या समितीची बैठक. बहुतेक सगळंच बंद करतील. संशोधन करणाऱ्या मुली मॅडमना विचारून राहिल्यात, आमचं काय. चहा झाला. त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी मला वाढली. घरची भाजी. वाघोलीचा नियम किती वेळा तोंडाशी आला. नाही बोलले. नोकरीची भीती, हे एक. दुसरं कारण लिहायची लाज वाटते. काम मिटलं की फोनही मिटले असते.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. घरी येऊन तशीच बसले.

१७ नोव्हें., सोम.
सकाळी जिन्यात उभं राहून स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला.

'मॅडम, बैठकीआधी मला एक मेल करा. वाघोलीची मुलं मोजायलाच हवीत का, एवढंच विचारा.'

'म्हणजे नसली मोजली तरी चालतं?'

'तुम्ही विचारलंत तर.'

मग त्यांनी विचारलं,

'परवा इथे बसून जेवलीस. तेव्हा माहीत होतं तुला?'

'हो.'

'अस्सं.'

फोन ठेवला. अर्ध्या तासात मेल आला. इंग्रजीत, अगदी नीटनेटका. सुरुवात 'डिअर सर/मॅडम' अशी.

१९ नोव्हें., बुध.
सुधारित कोटेशन पाठवलं. कॉलेज जुन्याच गटात बसलं. नितीन सर खुर्ची सरकवून आले. 'त्यांना अचानक कसं सुचलं?' म्हटलं, हुशार आहेत. 'हं.' पुढच्या वर्षी कामाच्या वाटण्या बदलतील म्हणाले. सहज म्हणाले की कसं, कळलं नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
मॅडमच्या कॉलेजची ऑर्डर आली. समितीने निर्णय नव्या दरासाठी थांबवला होता, आता मंजूर केलं. त्या मुलींचं काम अडणार नाही. आनंद व्हायला हवा, आणि झालाही, कॅन्टीनमध्ये जाऊन एकटीने कॉफी घेतली.

ऑर्डर प्राचार्यांच्या सहीने. मॅडमची एक ओळसुद्धा नाही. मी दोनदा खालीपर्यंत पाहिलं.

श्वेताला फोन केला. सासरी पाहुणे होते, नंतर करते म्हणाली.

५ डिसें., शुक्र.
थंडी. आज धीर करून मॅडमना फोन केला. ऑ.च्या फोनवरून नाही, माझ्याच.

'बोला.'

बोला! 'मॅडम, मी…'

'ओळखलं. जर्नल्स चालू राहतायत. आभारी आहोत.'

'त्यासाठी नाही केला फोन.'

'मग?'

मग काय? चार दिवस ठरवत होते काय बोलायचं. 'माझं चुकलं,' एवढंच आलं. त्यांच्या मागे कुणीतरी खुर्ची ओढली, कुणाला तरी त्या म्हणाल्या, थांब जरा. वाटलं, ठेवतील. ठेवला नाही.

'शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं आमचं,' म्हणाल्या. 'वाचायला कुणीही येऊ शकतं.'

आणि ठेवला.

ये म्हणाल्या नाहीत. येऊ नका, असंही नाही. उद्या शनिवार.